पहिली हाक

सावित्री सुपात तांदूळ घेऊन लेकीच्या टेबलाशेजारी येऊन टेकली. श्वेता लॅपटॉपसमोर चरफडत होती.

"आठ जणांचं बुकिंग गेलं बघ. मेल सकाळी केलेला, आपल्याला पोचला दुपारी. तवर त्यांनी दुसरीकडं ठरवलं."

"एवढा उशीर कशापायी?"

गणेशगुडीतल्या त्यांच्या तीन खोल्यांच्या लॉजला रोज साठ-सत्तर भुरटे मेल येत. गेल्या महिन्यात त्यातला एक खरा समजून श्वेताने उघडला आणि दोन दिवस सगळं बंद पडलं. तेव्हा रामनगरच्या कान्हू कॉम्प्युटरवाल्याने एक उपाय बसवून दिला होता.

"अनोळखी पत्त्यावरनं पहिला मेल आला की दारातनंच परत धाडायचा," श्वेताने समजावलं. "खरा असला तर थोड्या वेळानं पुन्हा येतोय. खोटे येत न्हाईत."

"मंजे सांजच्या हाकेगत."

रानाकाठच्या घरांतून हे लहान पोरालाही ठाऊक असतं. दिवेलागणीला बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारतो.

"व्हय, तसंच!" श्वेता हसली. "आठजण गेले तर गेले, घाण तरी थांबली."

"आनि खरा असून पुन्हा न्हाई आला तर?"

"एखादा ऱ्हातोय तसा."

सावित्रीचा हात सुपातच थांबला. तीन वर्षांपूर्वी बापाशी भांडून अनिकेत घर सोडून गेला, त्यानंतर महिन्याभराने दिवेलागणीला फाटकाशी हाक आली होती. "आई." एकदाच. आवाज त्याचाच होता. ती चुलीपुढून अर्धी उठली आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत पुन्हा बसली. सकाळी फाटकापाशी चिखलात मोटरसायकल वळून गेल्याची खूण होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि त्याचं दुःख तिला रोज होत होतं.

"अनिकेतनं लिवलं तर?" तिने विचारलं. "पाटीवरचा आपला मेलचा पत्ता त्यानंच रंगवलाय."

श्वेताची बोटं थबकली.

"त्याचा आताचा पत्ता आपल्याकडं न्हाई, आई. त्योबी अनोळखीच."

"मग काढ ते. कान्हूला आत्ताच फोन लाव."

"रोज सत्तर येतील!"

"येऊ देत. मी बसते निवडायला."

दुसऱ्या दिवशी सावित्री चष्मा लावून शेजारी बसली. लॉटरी लागल्याचा पहिलाच मेल श्वेता पुसायला गेली, तर आईने तिचं मनगट धरलं.

"थांब. खाली नाव कुणाचं हाय ते वाच आधी."