लख्ख तवा

ठमाबाईंनी पाटी दाराशी टेकवली, पदराने मान पुसली आणि मासळीच्या आधी पाटीतून एक तवा बाहेर काढला.

"बग वैनी, कसा लख्ख निगाला."

तवा आमचाच होता, नॉनस्टिक. माझी मुलगी अनुया सातव्या महिन्यात माहेरी, विचुंब्याला आली, ती आल्या आल्या स्वयंपाकघराची झडती घेत सुटली. तव्यावर ओरखडे दिसल्याबरोबर तो तिने भंगारात काढला. दारामागून तो ठमाबाईंनी उचलला, आपल्या गावी, गव्हाणला नेला आणि राख नि नारळाची शेंडी घेऊन त्याचा सगळा काळा थर काजळी समजून खरवडून काढला. आता खालचं अॅल्युमिनियम चांदीसारखं चमकत होतं.

"तुमाला घासायचा कटाळा," त्या म्हणाल्या. "काळा झाला की फेकला."

मी हसू दाबलं. अनुयाने नाही दाबलं. "मावशी, तो काळा थर म्हणजेच तर तो तवा होता. त्याचीच किंमत होती."

"किंमत व्हती तर फेकलास कशाला?"

मला मात्र भलताच प्रश्न पडला. "ठमाबाई, खरवडलेलं ते काळं गेलं कुठे?"

"जातंय कुटं. खाडीत."

आणि पाटीत, ओल्या फडक्याखाली, त्याच खाडीच्या चिखलात सापडणारी मासळी, निवट्या, वळवळत होत्या. अनुयाला डोहाळा लागला होता तो निवट्यांचाच. पुण्याहून फोन करायची तेव्हा जावयाची तब्येत मागाहून, निवट्या आधी. ठमाबाई तिच्या लहानपणापासून आमच्याकडे घरच्यांनी खाडीत पकडलेली मासळी आणतात. त्यांनी मुद्दाम निवडून आणल्या होत्या. अनुयाने फडकं उचललं, पाहिलं आणि परत झाकलं.

"मावशी, मी नाही खाणार."

ती ऑफिसच्या कामासाठी कसलं कसलं वाचत असते. तिने समजावलं, ते मला असं समजलं: तव्याचे कण पोटात गेले तर बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात, त्यांची भीती कमी. भीती आहे ती असे थर बनवताना लागणाऱ्या रसायनांच्या एका मोठ्या कुटुंबाची, पीफासची. पाणी न धरणारे रेनकोट, तेल न शोषणारे खाण्याचे कागद, आग विझवायचा फेस, सगळीकडे हे नातेवाईक. कारखान्यातून पाण्यात उतरले की मोडत नाहीत, कुजत नाहीत. माशात जातात, रक्तात जातात, आईच्या दुधातही. थायरॉइड, कोलेस्टेरॉल, काही कॅन्सर, बाळाचं कमी वजन, अशा गोष्टींशी त्यांचा संबंध सापडलाय.

"आपल्या खाडीत आहेत?" मी विचारलं.

"माहीत नाही. कुणी मोजलंय की नाही, तेही माहीत नाही."

ठमाबाई ऐकत होत्या. "पानी चिकटत नाय म्हनून वाईट व्हय? मंग अळूच्या पानाला तरी कुटं चिकटतं? त्याचं तर आमी फदफदं करून खातो." मग पाटी डोक्यावर घेता घेता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माजी मोनालीबी पोटुशी हाय. ती रोज हेच खाते. तिनं काय खायाचं?"

मोनाली त्यांची सून. ठमाबाई निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, त्या आठवड्यात आल्या नाहीत, पुढच्याही नाहीत.

मला अळूचं पान झोप येऊ देईना. खरंच, फरक काय? पाणी तपासणाऱ्या एका लॅबला फोन केला. तिथल्या मुलाने पीफास हे नाव दोनदा फोड करून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, हे आमच्याकडे होत नाही. क्षार बघून देऊ का?" मग मी गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत अळूचं एक पान पुरलं. शेजारी आमच्या ह्यांच्या जुन्या रेनकोटची बाही कापून पुरली. ह्यांनी रेनकोट शोधला तेव्हा म्हटलं, वाचनात आलंय, तो घालू नये. हे काही खोटं नव्हतं.

"आई, याला प्रयोग म्हणत नाहीत," अनुया म्हणाली. "रेनकोटचं कापडच प्लास्टिकचं आहे. ते तसंही कुजलं नसतं."

"मग मला कळेल तसं तू काहीतरी पूर."

तिने काही पुरलं नाही. पण रोज संध्याकाळी कुंडीला पाणी तीच घालायची, आणि घालताना रस्त्याकडे बघायची.

ठमाबाई आल्या त्या महिन्याभराने, रिकाम्या हाताने. चहा घेतला नाही. "वैनी, काय कळलं काय?"

काय पुरलं होतं ते सांगत मी कुंडी उकरली. पानाचा मागमूस नव्हता, देठाचे दोन धागे तेवढे. बाही नळाखाली धुऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटाने पाण्याचा थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा घरंगळला. दुसरा सोडला. तिसरा. अनुया तिचा आक्षेप सांगायला तोंड उघडणार होती, मी डोळ्यांनी गप्प केलं.

"आनि ह्ये पोटात ग्येलं तर?"

"गेलं असेल किंवा नसेल," मी म्हटलं. "आपल्याला बघता येत नाही, ठमाबाई. तेच तर."

अनुया त्यांच्याजवळ खाली बसली. आठव्या महिन्यात खाली बसणं सोपं नाही. "मावशी, मोनालीने खाऊ नये असं सांगायला माझ्याकडे पुरावा नाही. पण मी न खाता तिला खाऊ द्यावं, हेही मला जमत नाही. दोघी एकच करू. जे मी खाईन तेच ती."

"बाहेरच्या दर्यात नसल काय त्ये?"

"तिथेही असेल. कमी असावं, असं वाटतं. खात्री नाही."

ठमाबाई उठल्या. "खात्री नाय," एवढंच दारात पुटपुटल्या.

दोन दिवसांनी सकाळीच बेल वाजली. पाटीत मोठे बोंबील, बाहेरच्या समुद्रात गेलेल्या होडीचे. करंजा बंदरावरून आणलेले, दोन सारखे वाटे केलेले.

"जल्मात पैल्यांदा मासळी इकत घेतली," ठमाबाई चुलीशी, म्हणजे आमच्या गॅसशी, उभ्या राहत म्हणाल्या. "भाव करायला ग्येले तर समोरची बाय माजंच बोलनं माज्या तोंडावर मारतेय. घ्येयाची तर घे नाय तर चल. लाज वाटली गो. वीस वर्सं मी तुमाला ह्येच बोलते."

"मग दिली का कमी करून?"

"मी दिलीय का कदी?"

तवा त्यांनी स्वतःचाच आणला होता, तोच, लख्ख. तेल तापलं, बोंबील पडले आणि पडल्या जागी चिकटून बसले. उलटायला गेलं तर कातडी तव्यावर, मासा वर.

अनुया ताट घेऊन उभीच होती. "मावशी, सगळं चिकटतंय."

"चिकटू दे," ठमाबाई उलथन्याने खरवडत म्हणाल्या. खरवडलेला कुरकुरीत भाग त्यांनी तिच्या ताटात घातला, तेवढाच दुसरा मोनालीच्या डब्यात. "चिकटतंय, बरं हाय."