हरेशच्या गाडीचा पंखा

"मालू, माज्या पायावर उभी हायस गो. दोन बोटं तरी शिल्लक ठेव."

"मग तू सरक ना! मला काय दिसत नाय."

माझ्या पुढच्या बायका अशा भांडत होत्या; जासईत हरेशच्या अंगणात मुंगी शिरायला वाट नव्हती. सगळ्यांच्या नजरा त्याच्या टॅक्सीवर. बॉनेट उघडं, इंजिनावर झेंडूचा जाडजूड हार, शेजारी चारुदत्त महाराज. त्यांनी गाडी चालू करवली, आरती ओवाळली, मग किल्ली काढून सगळ्यांना दाखवली. इंजिन गप्प झालं. पण आतून आवाज सुरूच. घूंऽऽऽ.

"ऐका! किल्ली माझ्या हातात, इंजिन बंद, तरी श्वास चालू. कुणाचा?"

"हरेशचा!" गर्दी म्हणाली.

"दहाव्याला कावळा का शिवला नाही? आत्मा रेडिएटरमध्ये अडकलाय!"

पंचवीस वर्षं मी गाड्यांच्या वायरी जोडते. रेडिएटरमध्ये मला गाळ सापडलाय, गंज सापडलाय, एकदा मेलेली पाल सापडलीय. आत्मा आजच ऐकला. शिवाय रात्रंदिवस बंदराचे कंटेनर आपटतात त्या गावात कावळा मुळात थांबतो का, हेही कुणी विचारलं नव्हतं.

महाराजांनी डोळे मिटून लांबलचक मंत्र म्हटला. मग हात वर करून गरजले, "हरेशा, शांत हो!"

रेडिएटरचा पंखा थांबला. बायका रडू लागल्या.

मग निकाल आला. आत्मा बायकोवर नाराज आहे. नवऱ्याला जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि ती त्याच्या गाडीचं स्टिअरिंग धरते! गाडी मठाला द्या. बायकोनं, स्नेहलनं, आजच माहेरी ओवे गावाला जावं. चार वर्षांची रिया मात्र आजीपाशी राहील.

स्नेहलनं रियाला इतकं घट्ट धरलं की पोर कळवळली. सासू भामाबाई जमिनीकडे बघत पुटपुटल्या, "म्हाराज सांगतील तसं."

हरेशच्या छातीत दुपारी कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, एवढंच गावाला ठाऊक होतं. मधल्या तासांबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे.

मी पुढे झाले. "महाराज, परत एकदा बोलवा ना त्याला. मला नीट दिसलं नाही."

"रेबेकाबाई, तुमच्यात हे नसतं. तुम्हाला कळायचं नाही."

"आमच्यातही दृष्ट काढतात हो. कळेल थोडंफार. हार तेवढा सरळ करते."

हार सरळ करताना मी बॅटरीशेजारच्या काळ्या डबीची घुंडी तीनवरून दहावर नेली.

पुन्हा गाडी चालू, पुन्हा बंद. घूंऽऽऽ. मंत्र. "शांत हो!"

पंखा चालूच.

"शांत हो म्हणतो ना!" महाराजांनी मूठभर अंगारा फेकला. पंख्याच्या वाऱ्यानं तो त्यांच्याच दाढीत जाऊन बसला.

"म्हाराज," मागून बळीराम ओरडला, "हरेशनं तुमचा नंबर ब्लॉक केला वाटतं!"

हशा पिकला. मी हार काढून बाजूला ठेवला.

"हा टायमर रिले. गेल्या उन्हाळ्यात मीच बसवला. ट्रेलरच्या रांगेत गाडी तापायची. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पण आतली उष्णता कुठं जाणार? पाणी उकळून बाहेर यायचं. म्हणून पंख्याला थेट बॅटरीची वायर दिली, मध्ये फ्यूज आणि ही डबी. किल्ली बंद केली की डबी मिनिटं मोजते, वेळ भरली की पंखा बंद करते. हरेश म्हणाला, तीन मिनिटं ठेवा मावशी, तेवढ्यात माझा चहा होतो."

मी डबीवर बोट ठेवलं. म्हटलं, "स्नेहल, ओढ ती डबी."

तिनं रियाला खाली ठेवलं आणि डबी उपटली. पंखा थांबला. ना मंत्र, ना अंगारा.

"दर गुरुवारी हरेश तुम्हाला याच गाडीतून मठात सोडायचा, महाराज. मिनिटं तेव्हाच मोजलीत ना?"

"कोप होईल! देवाचा कोप होईल!"

"माझ्यावर होऊ द्या. खांदा कॉलनीत दुकान आहे, पत्ता देते." मी गर्दीकडे वळले. "आणि तुम्ही! रडू आलं तर रडा. पण आधी बॉनेटखाली वाकून बघा, विचारा, हात लावा. विचारलं म्हणून रागावणारा देव मला अजून भेटला नाही. बुवा पुष्कळ भेटलेत."

 मग भामाबाई उठल्या. महाराजांच्या मुठीतून किल्ली काढून त्यांनी स्नेहलच्या हातात दिली.

"माजी सून कुठं जानार नाय."

एवढ्यावर त्या थांबतील असं वाटलं. थांबल्या नाहीत.

"हरेशला कळ आली तवा ही गाडी दारातच होती. ही स्नेहल चावी घेऊन रडत होती, दवाखान्यात नेऊ म्हनून. या मानसानं अंगारा लावला नि म्हनाला, तीन तास हलवू नका. आनि दाराला कडी मी घातली. मी, त्याच्या आयनं."