न हलणारा आकडा

वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही घाटाच्या पायथ्याशी रांगेत अडकलो होतो. इस्पितळ वरच्या गावात, आणि वर जायला एवढा एकच रस्ता.

"रांग हलू दे, मग बघ," दादा म्हणाला. "हवा आत नेणारा प्लास्टिकचा नळा काढून अॅल्युमिनियमचा टाकलाय. इंजिनाला गार हवा मिळते. गाडी वाऱ्याशी बोलते."

"तिचं कौतुक पुरे," वहिनी कण्हत म्हणाली. "अहो, इथे माझा जीव चाललाय."

मी मागे तिचा हात धरून बसले होते. पुढे दादाने हौसेने बसवलेल्या छोट्या पडद्यावर इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान दिसत होतं. पंचवीस. मला आधी बरंच वाटलं. मग लक्षात आलं, बाहेरची हवाच चाळिशीला टेकली होती. उभ्या गाडीच्या तापलेल्या बॉनेटखाली, धातूच्या नळ्यातून जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा गार कशी असेल?

रांग हलली. चढ लागला आणि दादाने पाय दाबला, तसा इंजिनातून आवाज येऊ लागला. डब्यात खडे हलवावेत तसा. आकडा मात्र पंचवीसच.

"दादा, नळ्याबरोबर आणखी काय बदललंस?"

"कुठे काय!"

"दादा."

"अगं, हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर काढून तिला एक चिमुकला रेझिस्टर लावलाय. गाडीला वाटतं हवा कायम गार आहे. मग ती जोर आखडत नाही. सगळेच लावतात, प्रोफेसरीणबाई."

हवा तापली की पेट्रोल अवेळी भडकतं. ते टाळायला गाडी ठिणगी जरा उशिरा टाकते, आपणहून जोर कमी करते. या गाडीला हवा तापल्याचं कळतच नव्हतं. असाच चढ चढलो तर पिस्टन फुटणार, आणि एका बाजूला दरी, फोनला रेंज नाही.

"थांबव."

"आत्ता? डोकं ठिकाणावर आहे का?"

वहिनीची बोटं माझ्या मनगटात रुतली. "ती म्हणतेय तर थांबवा हो!"

वळणावरच्या मोकळ्या जागेत त्याने गाडी बंद केली. बॉनेट उघडलं तर नळ्याला हात लावण्याची सोय नव्हती. मी रेझिस्टर उपटला, लोंबकळणाऱ्या वायरचं टोक नळ्यातल्या खऱ्या सेन्सरवर दाबून बसवलं. दादाने पडद्यापुरती नुसती किल्ली फिरवली.

"एकाहत्तर," तो म्हणाला. "मघापासून एवढी होती?"

"असेल. बाळाची दुपटी दे. आणि पाणी."

ओली दुपटी नळ्यावर टाकली, वाफ निघाली. धातू तापतो लवकर, तसा निवतोही लवकर. त्याचा तेवढाच गुण कामी आला. मागे वहिनी ओरडली. आता कळांमध्ये उसंत उरली नव्हती. आणखी थांबावं की निघावं, हे सांगणारं कोणतंच उपकरण माझ्याकडे नव्हतं.

"निघू या. एसी बंद. पाय हलका ठेव."

दुपटी काढून आम्ही निघालो. गाडी मरगळली होती. एक मालाचा ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. कुणालाही पुढे जाऊ न देणारा दादा पाय हलकाच ठेवून होता. खड्यांचा आवाज पुन्हा येतो का, ते मी कान देऊन ऐकत होते.

"किती?" वहिनीने दात आवळून विचारलं.

"साठ," दादा म्हणाला.

वळण गेलं. "आता?"

"त्रेपन्न. उतरतोय."

इस्पितळाच्या दारात गाडी थांबली आणि दोन परिचारिका स्ट्रेचर घेऊन धावल्या. उभ्या गाडीत आकडा पुन्हा चढला असणारच. पण किल्ली तशीच ठेवून दादा स्ट्रेचरमागे पळाला होता, आणि त्याच्यामागे मी, हातात ती मळलेली दुपटी घेऊन.