दोघींचं काम

वॉर्डातल्या मावशीची एकच शेखी होती: तीस वर्षांत पेशंट उचलायला तिनं कुणाला हाक मारली नव्हती. माणूस ऐंशी किलोचा असो की शंभरचा, काखेत हात घालायचा, श्वास रोखायचा आणि द्यायचा हिसका! बाकीच्या आया तोंडात बोटं घालायच्या.

नवी आलेली आया मात्र दर वेळी दारात जाऊन दुसरीला बोलवायची. शिकून आली होती बिचारी: पेशंट दोघींनी वळवायचा, खाली सरकती चादर घालून तिच्यावरून अलगद सरकवायचा, आपल्या कमरेला जपायचं. मावशीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं 'दुकटी'.

"अगं दुकटे, तू वाट बघेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल!"

सगळा वॉर्ड खो खो हसला. सरकत्या चादरी कपाटात कुलूपबंद असायच्या आणि किल्ली मावशीकडे. तपासणीला साहेब आले की चादरी बाहेर, साहेब गेले की आत. "मळल्या तर धुणार कोण, तुझा बाप?"

दुकटीला नोकरी टिकवायची होती. महिन्याभरात तीही एकटीनं उचलू लागली. मावशीनं तिची पाठ थोपटली.

मग एका सकाळी हिसका देताना मावशीच्याच कमरेत कटकन वाजलं. पेशंट खुर्चीत पडला, मावशी फरशीवर. मणका गेला होता. ऑपरेशन झालं आणि तिला तिच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या पलंगावर आणून ठेवलं.

डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे दोघींनीच हलवायचं, चादर घालून. कमरेत पीळ पडता कामा नये. सांभाळलंत तर चालत घरी जाल, नाहीतर पाय गेले समजा."

जन्मात पहिल्यांदा मावशीनं कुणाचं तरी ऐकायचं ठरवलं. व्यायामवाल्या बाईंनी शिकवलं तशी ती पायाची बोटं हलवू बघायची, रोज मोजून वीस वेळा. चौथ्या आठवड्यात ती बोटं हलताना बघून तिच्या लेकीला रडू फुटलं.

पाचव्या आठवड्यात तिची चादर धुवायला गेली होती. दुकटी बाह्या सरसावत एकटीच आली.

"दुसरी कुठाय?"

"तिला खालच्या मजल्यावर पाठवलंय. मी आहे ना!"

"नको गं बाई. तिला येऊ दे."

दुकटी हसली. मनात काळंबेरं असतं तरी परवडलं असतं, पण ती अगदी मायेनं हसली. "मावशी, मी आता दुकटी नाही राहिले. काल शंभर किलोचे आजोबा एकटीनं उचलले."

"निदान चादर तरी घाल! कपाटात आहेत, किल्ली माझ्या उशाखाली आहे."

"अहो, परवा तपासणी आहे. मळली म्हणजे?"

मावशी ओरडली. अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. पण पेशंट ओरडायचेच, त्यांच्याकडे लक्ष दिलं तर दिवस पुरायचा नाही, हेही मावशीनंच शिकवलेलं. कुणी मान वळवली नाही.

दुकटीनं काखेत हात घातला, श्वास रोखला आणि हिसका दिला.

"झालं बघा!" घाम पुसत ती म्हणाली. "उगाच घाबरलात. आता बोटं हलवा पाहू."

मावशी आपल्या पायांकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"मोजा ना, मावशी," दुकटी पलंगाच्या कडेवर बसत म्हणाली. "मला घाई नाही. मी थांबते."