ऐकून तपासले

साडेनऊला दीप्ती आली तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. काठी दाराच्या कोपऱ्यात टेकवून ती आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली.

"बाई, कार्ड द्या आधी. चहा मग."

मी पाकिटातून मेमरी कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं. पाकिटावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'ऐकून तपासले – कांता'. एकतीस वर्षं मी हेच लिहीत आले. आधी कॅसेटच्या डब्यांवर, मग सीडीवर, आता या नखाएवढ्या कार्डांच्या पाकिटांवर. अंध वाचकांसाठी ज्याने पुस्तक वाचलं, त्यानेच ते शेवटी ऐकून सही करायची, ही आमच्या संस्थेची पहिल्यापासूनची रीत.

दीप्ती चौथीत होती तेव्हापासून माझा आवाज ऐकते आहे. तिची आई रमाबाई महिन्यातून एकदा मानपाड्याहून यायची आणि जुन्या कॅसेट देऊन नव्या न्यायची. देण्याआधी मी प्रत्येक कॅसेट पुसायची, आणि पाठीवरची प्लॅस्टिकची दोन नखं मोडून टाकायची, म्हणजे चुकूनही कोणी त्यावर दुसरं काही भरू नये. माझ्या हातून गेलेलं एकही पुस्तक तक्रार होऊन कधी परत आलं नव्हतं.

आता दीप्ती कल्याणला सरकारी कार्यालयात लिपिक आहे. त्या रविवारी अकरा वाजता, टेंभी नाक्यावरच्या माझ्या घरापासून पाच मिनिटांवरच्या शाळेत, तिचा खात्याच्या परीक्षेचा पहिला पेपर होता. सेवानियमांचा, पुस्तक उघडून लिहायचा. डोळस उमेदवार जाडजूड पुस्तक घेऊन बसतात. दीप्तीने पाच महिने अर्ज करून आपला बोलक्या पुस्तकांचा प्लेअर आत नेण्याची परवानगी मिळवली होती. मोबाइल चालणार नव्हता. लेखनिक मिळणार होता, पण त्याने फक्त ती सांगेल ते लिहायचं, पुस्तकात बघायचं नाही. तीनपैकी ही शेवटची संधी. ही हुकली की मागून नोकरीला लागलेले सगळे तिच्या पुढे जाणार.

प्लेअर जुना, साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढा. बाणाची बटणं दाबत ती थेट सातव्या प्रकरणातल्या हव्या त्या नियमावर जाते. मला तोवर चष्मासुद्धा सापडलेला नसतो.

तिने कार्ड सरकवलं. प्लेअरमधला परदेशी माणूस इंग्रजीत म्हणाला, हे पुस्तक वाचता येत नाही.

तिने कार्ड काढलं, ओढणीच्या टोकाने पुसलं, पुन्हा घातलं. तो तेच म्हणाला. मग पर्समधून दुसरं, जुन्या पुस्तकाचं कार्ड काढून घातलं. ते लगेच बोलायला लागलं.

"म्हणजे प्लेअर ठीक आहे," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण बोटं बटणांवरून फिरतच राहिली.

मी राजरत्नला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. राजरत्न आमची पुस्तकं जोडतो, म्हणजे आवाज कापणं, मथळे लावणं, सगळं तोच करतो. आठवडाभर तो एका कंपनीत असतो आणि रविवारी वागळे इस्टेटमधल्या संस्थेच्या खोलीत. खालचं वर्कशॉप रविवारी बंद असतं, म्हणून आमचं रेकॉर्डिंग तेव्हाच चालतं.

"दीप्ती, मी बोललेलो तुला, तो डबा बदल," तो म्हणाला. "म्युझियमवाले पण घेणार नाहीत आता."

"परवानगीच्या पत्रात ह्याच डब्याचा नंबर आहे. दुसरा नेला तर गेटवरच ठेवून घेतील."

"मग फॉरमॅटचा लफडा आहे. तुझा प्लेअर जुना, पुस्तक नव्या पद्धतीचं. जुन्या पद्धतीत करून देतो. पाऊण तास धर."

"साडेदहानंतर मशीन तपासून घेत नाहीत, दादा. वाजले किती?"

"नऊ पस्तीस," मी म्हणाले.

तो म्हणाला, "काकू, तुम्ही कार्डाला काही केलं नाही ना?"

"ऐकून तपासलं," मी म्हणाले. "नेहमीसारखं."

हे खरं होतं. पण एवढंच खरं नव्हतं.

चहा उतू गेला म्हणून मी आत गेले आणि गॅस बंद करून तिथेच उभी राहिले. आदल्या दिवशी दुपारी मी कार्ड नातीच्या जुन्या कॉम्प्युटरला लावलं होतं. एकेक फाइल उघडून आवाज ऐकला, सगळा स्वच्छ होता. पण त्यांच्या मध्ये मध्ये बारक्या बारक्या फायली होत्या, त्रेचाळीस. एक उघडली तर आवाज नाही, नुसते कंस आणि आकडे. दुसरीही तशीच. मला वाटलं, जोडताना राहिलेला कचरा. शिवून झाल्यावर कपड्याला चिकटलेले दोरे आपण काढतो, तशा मी त्या निवडून काढल्या. पुस्तक स्वच्छ करून द्यायची माझी जुनी खोड.

बाहेर दीप्ती राजरत्नला विचारत होती, "आणि जुन्या पद्धतीत करूनही नाही चाललं तर?"

"तर मग माहीत नाही यार. सुरू तर करतो."

सांगितलं नाही तर कोणाला कळणार होतं? जुना प्लेअर, नवं पुस्तक. सगळ्यांना पटेल असं कारण समोर होतं. एकतीस वर्षांत एकही पुस्तक परत आलं नाही, हे मी संस्थेतल्या नव्या मुलींना दर वर्षी सांगते.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते. मी बाहेर आले.

"राजरत्न, थांब. कार्डावरच्या बारीक फायली मी काढून टाकल्या. ज्यात आवाज नव्हता त्या. त्रेचाळीस होत्या."



"काकू," तो म्हणाला, "पुढचा आवाज कुठला, कुठल्या नियमावर उडी मारायची, ते सगळं त्या फायलींतच असतं. आवाज नुसते मणी आहेत. तुम्ही दोराच काढून टाकला."

दीप्तीने माझ्याकडे तोंड वळवलं.

"जुन्या पद्धतीत करायची गरजच नाही मग," राजरत्न म्हणाला. "मूळ पुस्तक इथे आहे, तेच कॉपी करतो. पण आत्ता सुरू केलेलं काम थांबत नाहीये. कॉम्प्युटर अडकला. बंद करून चालू करावा लागणार. तुम्ही दोघी शाळेच्या गेटवर या."

आम्ही निघालो. दीप्तीने रोजच्यासारखा माझा दंड धरला नाही, काठीनेच चालली. मी एक पाऊल मागे राहिले. चहा तसाच ओट्यावर राहिला.

गेटवरच्या तपासनीस बाईंनी परवानगीचं पत्र पाहिलं, प्लेअरचा नंबर जुळवला. "कार्ड कुठंय?"

"येतंय," दीप्ती म्हणाली.

"येतंय म्हणजे? साडेदहाला मी हे रजिस्टर बंद करणार."

दहा दहा झाले. दहा वीस. दीप्तीचा लेखनिक दोनदा बाहेर डोकावून गेला. मी रस्त्याकडे पाहत होते आणि येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवर मला राजरत्न दिसत होता. दहा सव्वीसला तो खरोखर आला. हेल्मेट न काढताच त्याने कार्ड दीप्तीच्या हातात दिलं.

तिने ते सरकवलं. प्लेअर थोडा वेळ गप्प राहिला. तेवढ्यात तपासनीस बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग माझा आवाज आला, पुस्तकाचं नाव सांगणारा. दीप्तीने बाण दाबला. प्रकरण दुसरं. पुन्हा दाबला. प्रकरण तिसरं. एकेक करत ती सातव्यापर्यंत गेली, त्यातल्या चौथ्या नियमावर थांबली, आणि तो पुरता ऐकल्यावरच तिने मान हलवली.

"माझाच आवाज आहे," मी बाईंना उगीचच म्हणाले.

"सही करा इथे," त्या दीप्तीला म्हणाल्या.

पेपर दोनला सुटला. राजरत्न वागळेला परत गेला होता. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून होते. दीप्ती बाहेर आली, माझ्या खोकल्यावरून तिला मी कुठे आहे ते कळलं.

"कसा गेला?"

"एक प्रश्न राहिला. बाकी सगळे लिहिले. होईन पास." ती माझ्याजवळ बसली. "बाई, दादाने विचारलं तेव्हाच सांगायचं होतं. दहा मिनिटं गेली. मी तुमच्या घड्याळाची टिकटिक मोजत बसलेले."

"हो."

"मला वाटलं, संपलं सगळं."

तिने प्लेअर पर्समध्ये ठेवला. मग विचारलं, "पुढच्या पेपरचं पुस्तक तुम्हीच वाचणार ना?"

"तुला चालणार असेल तर."

"वाचा तुम्हीच. ऐकून तपासा, सहीही करा. पण घरी न्यायचं नाही. तिथेच, दादाच्या समोर. आणि साफसफाई बंद."

"बंद," मी म्हणाले.

"आईला नाही सांगणार मी. तिला वाटतं तुमच्या हातून कधी काही चुकत नाही." ती उठली, काठी उघडली, मग दुसऱ्या हाताने चाचपून माझा दंड शोधला. "चला. सकाळचा चहा राहिलाय माझा."