उलटे राहिलेले दगड

कॉलेजात बाईंना सगळे पाठीमागे ‘गोगलगाय’ म्हणत, आणि त्यात चूक काहीच नव्हती. गोगलगायीच्या एकाच जातीपायी त्यांनी उभा जन्म घातला होता: समुद्रातली, बिनकवचाची, करंगळीएवढी, पिवळ्या अंगावर काळे ठिपके. हे ध्यान एकाच जातीचा स्पंज खातं, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. तो स्पंज दगडाच्या पोटाशी सावलीत वाढतो, आणि गोगलगाय अंडीही तिथंच घालते, फितीसारखी चिकटवून. पिल्लं प्रवाहाबरोबर भरकटतात. त्या स्पंजाचा वास लागला तरच टेकतात, नाहीतर संपतात. म्हणून बाईंच्या नकाशावर या अख्ख्या किनाऱ्याला एकच ठिपका होता, धक्क्यामागचा खडकाळ पट्टा. आता तिथं भराव टाकायचा घाट घातला होता. तो थांबवायचा एकच मार्ग उरला होता: तपासणीला येणाऱ्या साहेबाला जिवंत गोगलगाय जागेवर दाखवायची.

आदल्या दिवशी ओहोटीला बाई खात्री करायला गेल्या आणि जागच्या जागी थिजल्या. पट्टाभर दगड उलटे पडले होते, पोटाची बाजू वर, भर उन्हात. स्पंज वाळून त्याची खपली झाली होती. अंड्यांच्या फिती हात लावताच तुटत होत्या. बाई गुडघे टेकून एकेक दगड सरळ करत सुटल्या. आता त्याचा उपयोग नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी हात थांबेनात.

चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. धाकट्या भावाचं शोभेच्या माशांचं दुकान होतं, आणि तिथल्या काचेच्या टाकीत दोन पिवळ्या गोगलगायी फिरत होत्या.

“दोनच आणल्या गं, ताई! एक गिऱ्हाईक फार मागे लागलं होतं. तिथं ढिगानं असतील म्हटलं.”

“आणि दगड?”

“कसले दगड?”

“उचललेले. परत ठेवलेस?”

“दगड कोण परत ठेवतं?”

दगड उचलला की होता तसा ठेवायचा, हा धडा त्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी देत. भाऊ थोडाच विद्यार्थी होता? कधीतरी बादली धरायला आला होता, आणि बाईंनीच कौतुकानं त्याला जागा दाखवली होती. त्यांना भयंकर राग आला, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता.

वाळलेला स्पंज, उद्याची तपासणी, सगळं ऐकून भाऊ पांढराफटक पडला. मग हळूच म्हणाला, “या दोन जिवंत आहेत ना? सकाळी नेऊन सोडू. साहेबाला काय कळतंय?”

बाईंनी जन्मात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. त्यांनी टाकीकडे पाहिलं. दोघी काचेवर चढत होत्या, उतरत होत्या. आत त्यांच्या खाण्यासारखं काहीच नव्हतं.

“बादली आण,” त्या म्हणाल्या.

साहेब भला माणूस निघाला. बूट काढून, पँट दुमडून, त्या दोघींना सोडलेल्या डबक्यापाशी बसला आणि लहान मुलासारखा खूश झाला.

“कुठं निघाल्यात एवढ्या लगबगीनं?”

“खायला शोधतायत.”

“वा! म्हणजे तब्येत झकास आहे.”

साहेबानं फोटो काढले, आणि यथावकाश भराव रद्द झाला.

“गोगलगाय आणि पोटात पाय निघालीस की तू!” असं म्हणून भाऊ हसायला गेला, पण ताईचा चेहरा बघून हसू तोंडातच राहिलं. दोघींपैकी एक त्याच डबक्यात आक्रसून मेली होती. दुसरी सापडलीच नाही.

पुढं पट्ट्याला कुंपण आलं, गोगलगायीचं चित्र रंगवलेली पाटी आली. बैल गेला आणि झोपा केला.

अजूनही ओहोटी लागली की बाई जातात. प्रवाह एखादं पिल्लू आणेल म्हणावं, तर त्याला टेकायला स्पंज नाही. हे त्या स्वतःच वर्गात शिकवतात. भाऊ न बोलावता बरोबर येतो. दगड उचलतो, खाली बघतो, आणि तान्ह्या बाळाला निजवावं तसा दोन्ही हातांनी होता तसा ठेवतो.

“आहे का रे?” बाई विचारतात.

“नाही, ताई,” तो म्हणतो, आणि पुढचा उचलतो.