सोजरबाईंची फियाट

ताडपत्री अर्ध्यावर आली आणि जीवन महाजननं हात थांबवला.

"घ्या पाहून. इथून दिसून जाते सगळी."

"त्या बाजूनं पण काढा," दत्तात्रय म्हणाले.

"तिकडे काय आहे काका, दोन्ही साइड सेम."

"तरी काढा."

जीवननं शेडच्या दाराबाहेर एकदा नजर टाकली, मोबाईलवर किती वाजले ते पाहिलं आणि मग ताडपत्री पूर्ण ओढून घेतली. धुळीचा लोट उठला. तो बसेपर्यंत दत्तात्रय नाकाला रुमाल लावून उभे राहिले. त्यांच्याबरोबर आलेल्या भिकन मिस्त्रीला मात्र धुळीचं भान नव्हतं.

अठ्ठावन्न सालची डुक्कर फियाट होती. फुगीर नाक, गोल दिवे, उलट्या बाजूनं उघडणारे पुढचे दरवाजे. मूळचा निळा रंग टपावर पांढुरका पडलेला, चारही टायर जमिनीला टेकलेले, मागच्या सीटच्या काथ्यात उंदरांनी संसार थाटलेला. पण कुठं ठोकपीट नाही, वेल्डिंग नाही, कुणा हौशी माणसानं नवा रंग चढवलेला नाही. भिकननं बॉनेट उघडलं आणि पंख्याला हात घालून हळूच फिरवून पाहिलं. इंजिन जाम नव्हतं.

"दत्ताभाऊ, कुणाचा हात नाही लागला हिला," तो कानाशी येऊन म्हणाला. "अशी नाही भेटत आता. हो म्हणा अन् मोकळे व्हा."

दत्तात्रय नेवे इतक्यात हो म्हणणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी रजिस्ट्री खात्यात, निरनिराळ्या गावच्या कचेऱ्यांमध्ये, चौतीस वर्षं कारकुनी केली होती. ज्याला मोकळं व्हायची घाई असते त्याचा कागद दोनदा पाहायचा, एवढं ते तिथं शिकले होते. इथं तर घाई विकणाऱ्याला होती. फोनवर त्यानं बजावलं होतं, एक ते दोनच्या मध्येच या. का, ते सांगितलं नव्हतं. भाव कमी सांगितला होता, आणि वर तोच विचारत होता, गाडीचं काय करणार, कापणार तर नाही, हॉटेलसमोर शोसाठी उभी करणार तर नाही? विकणारा एवढी चौकशी करतो तेव्हा माल एकतर चोरीचा असतो नाहीतर भांडणातला, असा दत्तात्रयांचा हिशेब होता. शेडच्या भिंतीवरची लाल फुलीही त्यांनी आत येतानाच टिपली होती.

"ही फुली कसली?"

"रस्ता चौपदरी होऊन राहिला ना. शेड जाते त्याच्यात. दिवाळीच्या आत खाली करून द्यायची आहे."

"नोटीस असेल."

जीवननं मोबाईलमध्ये नोटिशीचा फोटो काढून दाखवला. दत्तात्रयांनी तारीख वाचली, जमिनीचा खसरा नंबर वाचला, नाव वाचलं. नोटीस खरी होती. त्यांचा संशय एका जागेवरून उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला.

भिकननं डिझेलच्या बोळ्यानं चासीवरचा नंबर घासून काढला. एकेक आकडा तो मोठ्यानं वाचत गेला आणि दत्तात्रय जुन्या आर.सी. बुकावर बोट ठेवून जुळवत गेले. सगळे आकडे जुळले. बुकावर नाव होतं सोजरबाई सुकदेव महाजन.

"माझी माय," जीवन म्हणाला. "बाबा गेल्यावर तिच्या नावावर झाली. नाव बदलायचा फॉर्म मी आणून ठेवलाय. मायचा अंगठा पण घेऊन ठेवला. तुमची फेरी वाचली."

"माय कुठं आहेत?"

"बहिणीकडे, देडतलाईला. महिना झाला."

फॉर्मवर खाली, सहीच्या चौकटीत, जांभळा अंगठा उमटलेला होता. दत्तात्रयांनी तो उजेडात धरला आणि खाली घेतला.

खरं म्हणजे त्यांना ही गाडी हवी होती. फार हवी होती. चौतीस वर्षांत हजारो शेतं, घरं, दुकानं त्यांच्या टेबलावरून एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली होती. त्यांच्या स्वतःच्या नावावर एक स्कूटर होती. बऱ्हाणपुरातलं घर वडिलांचं, तेही भावांत वाटलेलं. बायको गेली, मुलगी सायली इंदूरला संसाराला लागली, आणि रिटायर झाल्यावर दुपार संपता संपेना. तेव्हा ते भिकनच्या गॅरेजात जाऊन बसू लागले. भिकन कामं करायचा, हे बघायचे. वर्षभरात त्यांना कार्ब्युरेटर उघडून साफ करता यायला लागला. आयुष्यात एक तरी बंद पडलेली गोष्ट आपल्या हातानं चालू करावी, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. हे त्यांनी भिकनशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

"विम्याचा एखादा जुना कागद असेल का आत?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता डॅशबोर्डचा कप्पा उघडला.

विम्याचा कागद नव्हता. एक वाळलेलं फडकं होतं, तुटका कंगवा होता आणि खाली चिकटून बसलेलं एक छोटं पुस्तक होतं. गाडी चालवायचं लायसन्स, सन एक्याऐंशीचं. फोटोत डोक्यावरून पदर घेतलेली तिशीची बाई होती, कपाळावर मोठं कुंकू, नजर थेट समोर. फोटोखाली निळ्या शाईत, एकेक अक्षर सुटं सुटं करून, सही केलेली होती. सोजरबाई सु. महाजन.

दत्तात्रयांनी लायसन्स एका हातात आणि फॉर्म दुसऱ्या हातात धरला.

"तुमच्या मायला सही येते."

"यायची," जीवन म्हणाला. "आता हात कापतो तिचा. म्हणून अंगठा."

म्हणाला ते सरळच, पण बोलताना त्यानं डावा हात खिशात घातला. दत्तात्रयांनी तो आधीच पाहिला होता. अंगठ्याच्या नखाच्या कडेला, घासूनही न गेलेली, जांभळी रेघ होती.

ते दाराशी जाऊन उभे राहिले. बाहेर केळीची पानं उन्हात मलूल पडली होती आणि वर असीरगढचा किल्ला धुरकट दिसत होता. भिकन त्यांच्या मागोमाग आला.

"काय झालं?"

"अंगठा त्याचा आहे. मायचा नाही."

भिकननं खांदे उडवले. "असेल. पोरगा आहे ना तिचा, चोर तर नाही. कागद पास होऊन जातो, मी करवून देतो. तुम्ही कचेरी घरी सोडून या ना कधीतरी."

ते ऐकून दत्तात्रयांना राग आला नाही. एक बाई आठवली. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, दुसऱ्या गावच्या कचेरीतली. पुतण्यांनी एका म्हातारीला दस्त करायला आणलं होतं, तोंडावर पदर ओढलेला. लग्नसराई होती, रांग दारापर्यंत गेलेली. दत्तात्रयांनी मान वर न करता तिचा हात धरला, अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला आणि पुढचा नंबर पुकारला. तीन महिन्यांनी त्याच नावाची दुसरी म्हातारी आली. शेत तिचं होतं. आठ दिवस ती कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसत होती. दत्तात्रयांना कुणी दोष दिला नाही, कागद कायद्यानं चोख होता. नवव्या दिवशी ती आली नाही. त्यानंतर ते प्रत्येक माणसावर संशय घेत गेले. लोकांना वाटायचं, नेवे स्वभावानंच किरकिरे आहेत.

आणि तरीही त्यांनी फॉर्मची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. पिशवीचा बंद ओढला. गाडीकडे पाहिलं. आपण हे करतो आहोत, हे त्यांना नीट कळत होतं.

दोन वाजून गेले होते. जीवन तिसऱ्यांदा मोबाईल पाहत होता.

"टेम्पो बोलवा ना काका. लवकर उचलली तर बरं."

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी येताना दिसली. नऊवारी नेसलेली, पाठीत वाकलेली, हातात टाळांची जोडी. भजन आटोपून येत असावी. शेडचं दार उघडं पाहून तिनं वाट बदलली आणि सरळ आत आली.

जीवनचं तोंड उतरलं. देडतलाईचा खुलासा कुणी मागितला नाही.

"कोण आलं?" तिनं विचारलं.

"पाहुणे आहेत, माय. गाडी पाहायला आले. असंच."

"असंच कोणी नाही येत." तिनं दत्तात्रयांच्या हातातलं लायसन्स पाहिलं. "हे कुठं भेटलं तुम्हाला? मी घरभर शोधलं होतं."

दत्तात्रयांनी ते तिच्या हातात दिलं. म्हातारीनं फोटोवरून बोट फिरवलं.

"आमचे हे टॅक्सी चालवत होते हिच्यावर," ती म्हणाली. "मग त्यांची नजर गेली. गाडी उभी राहून गेली. मी म्हटलं, मला शिकवा. शेजारी बसून शिकवलं त्यांनी, डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी. नुसत्या आवाजावरून सांगायचे, आता गिअर बदल. दवाखाना बऱ्हाणपूरला. रात नाही पाहिली, पाऊस नाही पाहिला. सव्वीस बाया नेल्या मी बाळंतपणाला. पंचवीस परत आणल्या."

भिकननं हातातला बोळा खाली ठेवला.

दत्तात्रयांनी पिशवीचा बंद सोडला. घडी उलगडून फॉर्म तिच्यासमोर धरला. जीवन "काका" म्हणत एक पाऊल पुढं आला.

सोजरबाईंनी कागद लांब धरून वाचला. अंगठ्यावर त्यांची नजर बराच वेळ राहिली. मग त्यांनी मुलाच्या खिशातल्या हाताकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, अजून एक घातली आणि तो मधून फाडला.

"डाग पडला होता याच्यावर," त्या म्हणाल्या. "दुसरा आहे का?"

दत्तात्रयांपाशी कोरा फॉर्म होता. ते कुठंही जाताना दोन प्रती घेऊन जात. तो त्यांनी बॉनेटवर पसरला, पण पेन दिलं नाही. कचेरीत प्रत्येक दस्ताआधी एक प्रश्न विचारायचा असतो. त्यांनी तो दिवसातून चाळीस-चाळीस वेळा विचारला होता, शिक्का शोधता शोधता, चहाचा घोट घेता घेता. आता त्यांनी मान वर केली आणि त्या बाईच्या डोळ्यांत पाहून विचारलं.

"बाई, हे तुम्ही राजीखुशीनं देताय ना? कुणी जबरदस्ती नाही ना केली?"

बाहेर मोठ्या रस्त्यावरून दोन ट्रक गेले, त्यांचा आवाज पार विरला, तरी सोजरबाई गाडीकडेच पाहत होत्या. दत्तात्रय थांबले.

"राजी आहे," त्या म्हणाल्या. "खुशीचं नका विचारू."

"मग राहू द्या. मी दुसरी पाहीन."

"अन् मी काय करू? शेड पडणार आहे. डोक्यावर घेऊ गाडी?" त्यांनी हात पुढं केला. "त्या दिवशी भंगारवाला आला होता, यानं परत पाठवला. मी आतून ऐकत होती. तेव्हाच समजली, आज नाही तर उद्या जाणार. मला सांगेल, म्हणून वाट पाहत होती. द्या पेन."

जीवन भिंतीकडे तोंड करून उभा होता. "तू नाहीच म्हटली असती माय," तो म्हणाला.

"म्हटली असती. मग दोन दिवसांनी हो म्हटली असती. तेवढे दोन दिवस माझे होते."

सही करायला त्यांना वेळ लागला. हात खरंच कापत होता. 'जर'पाशी पेन अडकलं, त्यांनी ते उचललं, दम घेतला आणि पुन्हा टेकवलं. दत्तात्रयांनी कागदाची कड धरून ठेवली होती. त्यांना इतक्या वर्षांत कुणाचीही सही पुरी होईपर्यंत पाहिल्याचं आठवत नव्हतं.

फोन करून बोलावलेला टेम्पो शेडपर्यंत येणं शक्य नव्हतं, बांधाची वाट चिंचोळी होती. भिकननं पायपंपानं टायरांत हवा भरली. दोन टायरांनी ती धरली, बाकीच्या दोन टायरांनी नाही. जीवननं ट्रॅक्टर आणून पुढं दोर बांधला. गाडी रस्त्यापर्यंत ओढायची, तर स्टिअरिंगवर कुणीतरी हवं होतं. भिकननं दरवाजा उघडून पाय आत टाकला.

"तुम्ही सरका," सोजरबाई म्हणाल्या. "मधे नाली आहे. तुम्हाला नाही समजणार."

त्यांनी पदर कमरेला खोचला. सीटवरची धूळ हातानं झटकली आणि बसल्या. डोकं स्टिअरिंगच्या जरासंच वर येत होतं. गिअरच्या दांडीवर हात ठेवून त्यांनी तो न्यूट्रलमध्ये असल्याचं पाहिलं आणि ट्रॅक्टरवरच्या मुलाला मान हलवून खूण केली. दोर ताणला गेला. गाडी कुरकुरली, एक हिसका बसला आणि ती शेडच्या सावलीतून उन्हात आली.

दत्तात्रय आणि भिकन दोन्ही बाजूंनी चालत होते. नालीपाशी सोजरबाईंनी स्टिअरिंग आधी डावीकडं, मग लगेच उजवीकडं घेतलं, आणि बसलेली चाकं काठावरून अलगद निघून गेली. टेम्पोच्या मागे गाडी आली तशी त्यांनी हँडब्रेक ओढला आणि काही क्षण तशाच बसून राहिल्या.

मग उतरल्या. दरवाजा लोटला, तो बसला नाही. त्यांनी तो खालून थोडा उचलला आणि लावला.

"असा उचलून लावायचा," त्या दत्तात्रयांना म्हणाल्या. "आपटायचा नाही."

"बरं," दत्तात्रय म्हणाले.

कमरेचा पदर सोडून त्यांनी तो डोक्यावर घेतला आणि बांधावरून घराकडं निघाल्या. जीवननं घाईघाईनं दोर सोडला, ट्रॅक्टर तिथंच उभा ठेवला आणि त्यांच्या मागं चालू लागला. दोघांमध्ये दहा-बारा पावलांचं अंतर होतं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, चालही कमी केली नाही, आणि त्यानंही ते अंतर कमी केलं नाही. केळीच्या ओळींमागं आधी त्या दिसेनाशा झाल्या, मग तो.